खमिराचा पाव आणि नमुन्याचा व्यवहार

गेल्या काही वर्षांत शहरांतून एक नवा घरगुती धंदा उभा राहिला आहे. गव्हाच्या संपूर्ण पिठाचा, यीस्ट न घालता नुसत्या खमिरावर फुगवलेला पाव घरी भाजायचा, त्याचे छायाचित्र मोबाईलवरून ओळखीच्या मंडळींना पाठवायचे आणि मागणी आली की माल पोहोचवायचा. इंग्रजीत या पावाला सावरडो म्हणतात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. त्या काळात जगात अनेक ठिकाणी दुकानांत यीस्ट मिळेनासे झाले आणि असंख्य कुटुंबे घरच्या खमिराकडे वळली. मुंबईत त्याआधीच, २०१३ साली, ‘द बेकर्स डझन’ ही अशा पावांसाठी ओळखली जाणारी कंपनी सुरू झाली होती. शेजारी गोव्यात सुजित सुमित्रन हे गृहस्थ लोकांना हा पाव करायला शिकवतात.

आमच्या सिंधुदुर्गात सकाळी सायकलवर पाववाला येतो, त्यामुळे पाव काही नवा नाही. जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. मालवण-तारकर्लीला येणाऱ्या पाहुण्यांत असा पाव मागणारेही असतात. तेव्हा आपल्या माता-भगिनींना आणि लहान बेकरीवाल्या बांधवांना यात रोजी आहे काय, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. आमचा सारा व्यवहार नमुन्याच्या वहीवर चालतो. म्हणून या धंद्याकडे आम्ही त्याच नजरेने पाहतो. पाठवलेले छायाचित्र म्हणजे नमुना, आणि घरपोच दिलेला पाव म्हणजे माल. दोन्ही जुळले तर धंदा टिकेल. ते जुळावेत म्हणून आधी काम नीट शिकले पाहिजे.

वस्तू परकी नाही

आपल्या घरात आंबोळीचे पीठ रात्री भिजवून ठेवतात आणि सकाळी ते फुगून येते. खमिरी रोटीचे नावही आपल्याला ठाऊक आहे. पिठात आणि हवेत असलेले सूक्ष्म जीव ओल्या पिठातील साखर खातात. एक जात वायू सोडते, त्याने पीठ फुगते. दुसरी जात आम्ल तयार करते, त्याने चव आंबूस होते आणि पाव थोडा अधिक टिकतो. खमीर म्हणजे हेच. कारखान्यातील यीस्ट पहिले काम झपाट्याने करते, दुसरे फारसे करत नाही.

गोव्याची पोई हा कोंड्याचा पावही याच कुळातला. जुन्या काळी तिथले पदेर माडाच्या सुरेने पीठ फुगवत, आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट वापरतात. आपली गिऱ्हाईके या बाबतीत चौकशी करतात आणि ती करावीच. घरच्या खमिराच्या पावात पीठ, पाणी आणि मीठ यांखेरीज काही लागत नाही, हे स्वच्छ उत्तर देता येते. ही या धंद्याची मोठी जमेची बाजू आहे.

खमीर धरणे

काचेच्या स्वच्छ बरणीत ५० ग्रॅम चक्कीचा आटा आणि ५० ग्रॅम पाणी कालवावे. झाकण सैल ठेवावे. दुसऱ्या दिवसापासून रोज अर्धे मिश्रण काढून तेवढेच नवे पीठ-पाणी घालावे. पहिल्या दोन दिवसांत फेस येऊन एकदम खाली बसतो आणि वासही बरा नसतो. पुष्कळजण तिथेच निराश होऊन बरणी रिकामी करतात. तसे करू नये. आपल्या किनाऱ्याच्या उष्म्यात पाच ते सात दिवसांत वास ताकासारखा होतो. पीठ घातल्यावर चार ते सहा तासांत खमीर दुप्पट होऊ लागले की ते कामाला लायक झाले. मात्र बुरशी धरली किंवा गुलाबी-नारिंगी झाक दिसली तर सगळे टाकून बरणी उकळत्या पाण्याने धुवावी.

रोज काढलेले अर्धे मिश्रण खमीर नीट आंबू लागल्यानंतर वाया घालवण्याचे कारण नाही. धिरड्याच्या पिठात ते चालते. रोज पाव करायचा नसेल तर बरणी फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा पीठ द्यावे. बेल्जियममधील सेंट विथ या गावी २०१३ साली निरनिराळ्या देशांतील खमिरांचे एक संग्रहालय सुरू झाले. तिथे शंभराहून अधिक बरण्या अशाच थंडीत ठेवून जगवल्या जातात.

पाव करणे

एका पावाला आटा ५०० ग्रॅम, पाणी ४०० ग्रॅम, फुगलेले खमीर १०० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. सगळे काट्यावर तोलून घ्यावे, वाटीने किंवा अंदाजाने नको. चक्कीचा आटा मैद्यापेक्षा जास्त पाणी पितो, म्हणून परदेशी पुस्तकातील प्रमाण जसेच्या तसे चालत नाही. खपली गव्हाचे पीठ असेल तर पाणी कमी करावे, कारण त्याला चिवटपणा कमी असतो.

आटा आणि पाणी कालवून पाऊण तास ठेवावे. मग खमीर आणि मीठ घालून मळावे. दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने पिठाची घडी घालावी, अशा चार वेळा. त्यानंतर झाकून ठेवावे. आपल्याकडे २८ ते ३० अंश उष्म्यात मिळून चार-पाच तास पुरतात. थंड देशातील माणूस आठ-दहा तास सांगेल, त्याचे ऐकू नये. मैद्याचे पीठ दुप्पट होऊ देतात. आट्याचे पीठ दीडपट झाले की थांबावे, नाहीतर कोंड्याने कमजोर झालेले पीठ खाली बसते. मग आकार देऊन तेल लावलेल्या डब्यात घालावे आणि तासभर बाहेर किंवा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. ओव्हन २२० ते २३० अंशांवर नीट तापवून ४० ते ४५ मिनिटे भाजावे. भाजल्यावर निदान दोन तास कापू नये. गरम कापलेला आट्याचा पाव आत चिकट लागतो आणि गिऱ्हाईक त्याला कच्चा म्हणते.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी गावच्या भट्टीवाल्याशी बोलावे. पावाचा घाणा निघाल्यावरही भट्टीत बराच वेळ ताव राहतो. त्यात घरगुती डबे भाजून घेता आले तर दोघांचीही सोय होते.

कापलेला पाव वाचायला शिका

कापडाचा पोत आम्ही ताका उलगडून, उजेडासमोर धरून पाहतो. पावाचा पोत कापल्यावर कळतो. आत घट्ट गोळा आणि मधेच दोन-चार मोठी भोके असतील तर पीठ कमी आंबले आहे. पाव बसका असून वरची साल फिकी राहिली असेल तर जास्त आंबले आहे. तळाशी ओलसर पट्टी राहिली तर भाजणे कमी पडले किंवा घाईने कापला. आट्याच्या पावात परदेशी चित्रांतल्यासारखी मोठी जाळी येत नाही, आणि ती येऊ नये म्हणून खंतही करू नये. बारीक, सारखी जाळी आली की काम उत्तम.

म्हणून पहिली छायाचित्रे विकण्यासाठी नव्हे तर शिकण्यासाठी काढावीत. प्रत्येक पाव मधोमध कापून चित्र घ्यावे आणि वहीत तारीख, हवेचा उष्मा, किती तास आंबवले, किती वेळ भाजले हे लिहावे. जाणत्या माणसाला ते चित्र आणि ते आकडे दाखवले तर तो दुरून चूक सांगू शकतो. रंगाऱ्याकडून येणाऱ्या प्रत्येक खेपेची छटा थोडी वेगळी असते, म्हणून आम्ही खेपेचा नंबर जपतो. खमिराचेही तसेच आहे. मे महिन्याचा पाव आणि जानेवारीचा पाव एकाच घड्याळाने होत नाही. लागोपाठ दहा पाव सारखे उतरले की मग विक्रीचा विचार करावा.

चित्र म्हणजे नमुना

माल विक्री कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या कलम १७ नुसार नमुन्यावरून विक्री झाली तर सगळा माल नमुन्याशी जुळला पाहिजे. कलम १५ त्याहून पुढे जाते. नमुना आणि वर्णन दोन्हींवर विक्री झाली असेल तर माल नुसता नमुन्याशी जुळून भागत नाही, वर्णनाशीही जुळावा लागतो. मोबाईलवरील चित्र कायद्याच्या काटेकोर अर्थाने नमुना ठरो न ठरो, गिऱ्हाईक ते नमुना म्हणूनच पाहते. आणि चित्राखाली ‘संपूर्ण गव्हाचा, खमिराचा’ असे लिहिले की ते वर्णन झाले. निम्मा मैदा घालून, रंगासाठी कॅरॅमल टाकून तो पाव दिला तर चित्राशी हुबेहूब जुळूनही तो माल खोटा. खमिराच्या नावाखाली यीस्ट घालणे हेही तसेच.

फ्रान्समध्ये १३ सप्टेंबर १९९३ च्या हुकुमाने पावाची नावे बांधून दिली आहेत. ‘घरचा पाव’ म्हणायचे तर तो विक्रीच्या जागीच मळून, आकार देऊन, भाजलेला हवा. ‘खमिराचा’ म्हणायचे तर त्यात ठरावीक आंबटपणा हवा. ज्या देशाचा पाव जगात वाखाणला जातो, त्याने नावाची एवढी राखण केली, यातून बोध घ्यावा.

आपल्याला तर ही शिकवण फार आधी मिळाली आहे. धान्याच्या ढिगाचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पैगंबर (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले गेले. पावाच्या चित्राला हा प्रसंग लागू करून पाहावा. फुगलेली बाजू दाखवायची आणि आतला गोळा झाकायचा, हे तेच ओले धान्य.

तेव्हा नियम साधे ठेवावेत. चित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे. जाणते गिऱ्हाईक लुगडे दुकानाच्या दिव्याखाली पसंत करत नाही, बाहेर उजेडात नेऊन पाहते. अख्खा पाव आणि कापलेला पाव, दोन्ही दाखवावेत. रंग खुलवणारी मोबाईलची करामत वापरू नये. दुसऱ्याच्या पावाचे चित्र तर मुळीच पाठवू नये. चित्रासोबत पिठाचा प्रकार, भाजल्यानंतरचे वजन, भाजल्याची तारीख आणि किंमत लिहावी. मधुमेह बरा होतो वगैरे दावे करू नयेत. लांब आंबवण्याने पिठातील फायटिक आम्ल कमी होते आणि लोह-जस्त अंगी लागायला मदत होते, एवढे खरे आहे. पण हा गव्हाचाच पाव आहे. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांना तसे स्पष्ट सांगावे.

वजन आणि हिशेब

वरच्या प्रमाणाने १,०१० ग्रॅम पीठ होते. भाजताना १२ ते १५ टक्के पाणी उडते, म्हणजे पाव ८६० ते ८९० ग्रॅमचा उतरतो. त्याला एक किलोचा पाव म्हणणे म्हणजे कापड आटण्यापूर्वीचे माप सांगून आटलेले कापड देणे होय. ८५० ग्रॅम लिहावे.

हिशेबासाठी उदाहरण घेऊ. आटा ४० रुपये किलो धरला तर खमिरातला धरून ५५० ग्रॅमचे २२ रुपये. ओव्हनची वीज २० रुपये धरू, कागद-दोरा ५ रुपये, मजुरी ३० रुपये. एकूण ७७. घरच्या बाईचे कष्ट फुकट धरून भाव ठरवणे हा हिशेब नव्हे, म्हणून मजुरी धरलीच पाहिजे. दहांत एक पाव बिघडेल असे धरले तर ७७० रुपये नऊ पावांवर पडतात, म्हणजे पावामागे सुमारे ८६ रुपये. याखाली विकला तर पदरचे जाते. ओव्हनमध्ये एका वेळी दोन पाव बसवले तर वीज निम्मी होऊन तोच पाव सुमारे ७४ रुपयांना पडतो. आपापल्या गावचे दर घालून प्रत्येकाने असा तक्ता मांडावा.

पावसाळ्यात आपल्या हवेत पावाला लवकर बुरशी येते, म्हणून मागणी आल्यावरच भाजावे आणि दोन दिवसांत संपवण्यास सांगावे. खाद्यपदार्थ विकायचा तर नोंदणी आवश्यक आहे. २०११ च्या नियमांत १२ लाखांपर्यंत वार्षिक उलाढालीच्या लहान व्यावसायिकासाठी साधी नोंदणी ठेवण्यात आली. आजच्या अटी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्याव्यात.

या धंद्याला भांडवल थोडे लागते, सबुरी फार लागते. आधी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना खाऊ घालावे, वही भरावी, हात बसू द्यावा. मग पाठवलेल्या चित्राबरहुकूम पाव गेला तर गिऱ्हाईक परत येईल आणि रोजीत बरकतही येईल, इन्शाअल्लाह.