सहलीचा दिवस कुणाचा?

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या धर्मग्रामात सहलींची लगबग सुरू होते. वेदीसेवकांची सहल, युवकांची सहल, महिला मंडळाची सहल आणि सर्वांत मोठी ती कुटुंबांची. पहाटेची मिस्सा, दोन बसगाड्या, वाटेत जपमाळेची प्रार्थना, मग अंताक्षरी आणि दहाच्या सुमारास वॉटर पार्कचे फाटक. वर्षभर घराबाहेर न पडणाऱ्या आजीसुद्धा त्या दिवशी काठावर बसून पाण्यात पाय सोडतात. अशा दिवसाबद्दल तक्रारीचा सूर लावणे आम्हांला बरे वाटत नाही. परंतु गेल्या वर्षीच्या सहलीत जे घडले त्याविषयी आपण आपापसांत कुजबुजलो, मोकळेपणाने बोललो मात्र नाही. म्हणून हा लेख.

त्या दिवशी फाटकावर पिशव्या तपासल्या गेल्या. दारूची बाटली आत नेता येत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. पण बसच्या मागच्या बाकावर सकाळपासून पाण्याच्या बाटल्या फिरत होत्या आणि त्यांत नुसते पाणी नव्हते. फाटक उघडायला वेळ होता, तेवढ्यात गाडीतळावर आणखी 'एक-एक' झाले. आमच्यापैकी काहींनी ते पाहिले, काहींनी हातही पुढे केला. हे लपवण्यात अर्थ नाही.

बाराच्या सुमारास आपल्यातलेच एक गृहस्थ नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन उंच घसरगुंडीच्या जिन्यावर चढले. वर उभ्या असलेल्या रक्षकाने त्यांचा झोक जाताना पाहिला आणि अदबीने त्यांना अडवले. आवाज चढले. मागे पन्नास माणसांची रांग. तेव्हा मुलगा त्यांचा हात ओढून म्हणाला, "पप्पा, मला नाही जायचं. मला भूक लागलीय." हाच मुलगा बसमध्ये त्या घसरगुंडीचे नाव घेऊन सर्वांना भंडावून सोडत होता. त्याला भूकही लागली नव्हती. अर्ध्या तासापूर्वीच त्याने वडापाव खाल्ला होता.

बाकीचा दिवस त्याची आई झाडाखाली झोपलेल्या नवऱ्याजवळ बसून राहिली. पैसे भरून घेतलेला कागदी पट्टा तिच्या मनगटावर कोरडाच राहिला. परतीच्या वाटेवर कुणीतरी माइकवरून त्या गृहस्थांची नक्कल केली आणि बस हसली. आम्हीही हसलो. मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला होता.

हे लिहिण्यापूर्वी आम्ही त्या गृहस्थांना भेटलो. लेख त्यांना वाचून दाखवला. "छापा," ते म्हणाले, "पण तुम्ही हसलात तेही छापा."

मुलांच्या करमणुकीच्या जागी दारू असावी की नसावी, हा प्रश्न केवळ आपल्या बसमधला नाही. अशा उद्यानांना आजचे रूप ज्या माणसाने दिले, त्याच्यापुढेही तो होता. मिकी माऊसचे निर्माते वॉल्ट डिस्ने सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत असत. मुली गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसत आणि वडील बाकावर शेंगदाणे खात वाट पाहत. आईवडील आणि मुले यांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का असू नये, हा विचार त्यांना त्या बाकावर सुचला, असे ते सांगत. त्या काळच्या जत्रा आणि करमणुकीची मैदाने अस्वच्छ असत, तिथे दारू पिऊन हिंडणारे असत. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात ॲनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा आत बिअरसुद्धा मिळणार नाही, असा डिस्ने यांचा नियम होता. दारू आली की दंगा करणारी माणसे येतात, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी की ते स्वतः दारूला न शिवणारे नव्हते. दिवसाचे काम आटोपल्यावर ते व्हिस्की घेत. घेणारा माणूसही मुलांच्या जागेपुरती दारू बाजूला ठेवू शकतो, एवढे त्यावरून दिसते.

पुढे हा नियम हळूहळू सैल झाला. १९६६ मध्ये डिस्ने वारले. १९६७ मध्ये डिस्नेलँडमध्येच केवळ सभासदांसाठी एक क्लब उघडला आणि तिथे मद्य मिळू लागले. फ्रान्समधील उद्यान १२ एप्रिल १९९२ रोजी वाइनशिवाय सुरू झाले. तेव्हा जेवणाबरोबर वाइन घेणारे फ्रेंच लोक चिडले आणि पुढच्याच वर्षी बंदी उठली. फ्लोरिडातील 'मॅजिक किंगडम' १९७१ पासून कोरडे होते. २०१२ मध्ये तिथल्या एका उपाहारगृहात रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन आणि बिअर देण्यास सुरुवात झाली. मूळच्या डिस्नेलँडमध्ये सर्वसामान्य पाहुण्यांसाठी मद्य आले ते ३१ मे २०१९ रोजी, तेही एकाच मद्यालयात आणि पेला बाहेर नेता येणार नाही या अटीवर. दुसऱ्या टोकाला फ्लोरिडातच टॅम्पा येथे 'बुश गार्डन्स' हे उद्यान १९५९ मध्ये चक्क एका बिअर कंपनीने आपल्या कारखान्याला जोडून काढले होते आणि प्रौढ पाहुण्यांना अनेक वर्षे तिथे बिअर फुकट मिळे! तेव्हा सगळेच डिस्ने यांच्यासारखा विचार करत होते, असेही नाही.

मात्र खरा धडा मिळतो तो 'एप्कॉट' या उद्यानात. १ ऑक्टोबर १९८२ रोजी फ्लोरिडात सुरू झालेल्या या उद्यानात एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी असे करत शेवटी कॅनडा. प्रत्येक देशाचे खाणे आणि तिथले पेय मिळते. मुलांना जगाची ओळख व्हावी, हा हेतू. पण काही मोठ्या माणसांनी त्यातून आपला खेळ काढला. एका दिवसात अकराही देशांत एकेक पेला रिचवायचा. त्यासाठी सारखे टी-शर्ट छापून गट येतात. कंपनीने हा खेळ काढलेला नाही, पण तो थांबलेलाही नाही. आपण त्याला दारूची पृथ्वीप्रदक्षिणा म्हणू या.

जरा हिशेब करा. निरोगी माणसाचे यकृत साधारण तासाला एक पेला मद्य निकामी करते. सहा तासांत अकरा पेले पोटात गेले, तर संध्याकाळी पाचेक पेले अजून रक्तात फिरत असतात. नेमक्या त्याच वेळी आतषबाजी पाहायला लहान मुले खांद्यांवर बसून तळ्याकाठी आलेली असतात. बहुतेक पाहुणे जेवणाबरोबर एखादा पेला घेतात आणि शांतपणे घरी जातात, हे मान्य. पण गर्दीत तोल जायला फार माणसे लागत नाहीत.

म्युनिकच्या प्रसिद्ध ऑक्टोबर उत्सवातही बिअरच्या मंडपांशेजारी मुलांचे पाळणे असतात. तिथे २००५ पासून मंडपांत संध्याकाळी सहापर्यंत फक्त बेताच्या आवाजात पारंपरिक वाद्यवृंद वाजवण्याचा नियम झाला, म्हणजे वृद्ध आणि कुटुंबे निवांत बसू शकतील. सहा वर्षांखालील मुलांनी रात्री आठनंतर मंडपात थांबायचे नाही. बिअरचाच उत्सव, पण दिवसाचा काही भाग मुलांचा आहे हे त्यांनी घड्याळ लावून मान्य केले.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या समाजात मद्य निषिद्ध नाही. लग्नात, बाप्तिस्म्याला, सणाला पेला पुढे येतो. प्रभू येशूने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला (योहान २:१-११) आणि दर रविवारी वेदीवर द्राक्षारसच अर्पण होतो. तेव्हा 'दारू म्हणजे पाप' असे सरसकट म्हणणे आपल्या श्रद्धेला धरून नाही. बेनसिराच्या पुस्तकात (३१:२५-३१) द्राक्षारसाची स्तुती आणि अतिरेकाची निंदा एकाच उताऱ्यात येते. चर्चा नेहमी इथेच थांबते. "काना गावी प्रभूनेच तर..." असे म्हणून कुणीतरी हसतो आणि पेला भरतो. पण कानाच्या लग्नात एका मुलाला बापासाठी खोटे बोलावे लागले, असे शुभवर्तमानात कुठे आहे?

अशा मुलांची गोष्ट पवित्र शास्त्रात दुसरीकडे आहे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात (९:२०-२७) जलप्रलयातून वाचलेला नोहा द्राक्षमळा लावतो, द्राक्षारस पितो आणि तंबूत उघडा पडून राहतो. एक मुलगा ते पाहतो आणि बाहेर जाऊन भावांना सांगतो. दुसरे दोघे खांद्यांवर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आत जातात आणि वडिलांची लाज झाकतात. पुढे येणारा शाप नातवावर का पडला, यावर पुष्कळ चर्चा झाली आहे, त्यात आम्ही शिरत नाही. आम्हांला थांबवले ते त्या पाठमोऱ्या चालण्याने. ज्याने सबंध कुटुंब प्रलयातून वाचवले, त्या बापाला सावरायची पाळी मुलांवर आली. जिन्यावरच्या मुलाने "भूक लागलीय" म्हणून तेच वस्त्र पांघरले. आणि बसमध्ये माइक हातात घेणारे आपण तिसऱ्या भावाच्या जागी होतो.

झाकणे आणि लपवणे यांत मात्र फरक केला पाहिजे. 'घरातली गोष्ट घरात' म्हणत वर्षानुवर्षे गप्प बसणे म्हणजे झाकणे नव्हे. माणसाची लाज राखायची आणि त्याच्याशी एकांतात खरे बोलायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. ते ओझे नऊ वर्षांच्या मुलाने का उचलावे? ते आपले काम होते.

शरीराबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण "पाळण्यात बसायला एवढे काय होते?" असे विचारणारे असतात. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव आणि त्यात जेलीसारखा नाजूक पडदा. रक्तातली दारू त्या पडद्यात द्रवापेक्षा आधी शिरते, पडदा हलका होतो आणि माणूस स्थिर असतानाही मेंदूला 'मी फिरतो आहे' असा खोटा निरोप जातो. त्यावर खराखुरा गरगरणारा पाळणा! शिवाय दारूने लघवी वाढते आणि अंगातले पाणी कमी होते. मेच्या उन्हात आधीच घामाच्या धारा लागलेल्या असतात. आणि पोहण्याच्या तलावात सर्वांत मोठा धोका पिणाऱ्याला नसतो, त्याच्या भरवशावर सोडलेल्या मुलाला असतो. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. बहुतेक वेळा ते आवाज न करता खाली जाते. पाहणाऱ्याची नजर दहा सेकंद मंदावली तरी पुरते.

परतीच्या प्रवासाचे तर बोलायलाच नको. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीतही (परिच्छेद २२९०) दारूच्या नशेत रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानला आहे.

यंदा सहल समितीने काही गोष्टी ठरवल्या आहेत. चर्चच्या आवारातून बस सुटल्यापासून पुन्हा आवारात येईपर्यंत कुणीही मद्य घ्यायचे नाही. मागच्या बाकावर नाही आणि गाडीतळावरही नाही. समितीचे सभासदही त्यात आले. हे मुद्दाम लिहितो, कारण गेल्या वर्षी बर्फाचा डबा आमच्याच एकाने आणला होता. एवढे करूनही कुणाचा तोल गेलाच, तर त्याच्याजवळ समितीचे दोन पुरुष बसतील. त्याची पत्नी आणि मुले पाण्यात जातील. माइकवर नकला होतील, त्या नटनट्यांच्या.

"मग मजा काय?" असे एकाने बैठकीत विचारलेच. त्यांना आम्ही हसून सोडून दिले. पण एक दिवस दारूशिवाय काढणे एखाद्याला खरोखरच जड जात असेल, हात थरथरत असतील, तर तो मजेचा प्रश्न राहत नाही, तो आजार असू शकतो. अशांसाठी १९३५ मध्ये अमेरिकेत 'आल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ सुरू झाली. आपल्याकडेही तिच्या सभा होतात. तिथे नाव-गाव विचारले जात नाही, वर्गणी लागत नाही. घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' आहे. सभा कुठे आणि कधी भरते, हे फादरांना विचारावे. ती माहिती त्यांच्यापाशीच राहील.

सहल मेच्या दुसऱ्या शनिवारी आहे. नावे आजच्या दोन्ही मिस्सांनंतर सभागृहात नोंदवून घेतली जातील. मुलांची उंची सोबत लिहून आणावी, कारण उंच घसरगुंडीसाठी फाटकावर ती मोजतात. पहिला अर्ज गेल्या गुरुवारीच आला आहे. त्यात चार नावे आहेत आणि मुलाची उंची दोनदा लिहिली आहे, एकदा पेन्सिलीने आणि एकदा पेनाने.