अवजारं दोन, पण कुलूप कुठे?

प्रश्न : आमच्या कार्यालयाच्या नोंदी पोस्टग्रेसमध्ये आहेत. याद्या काढायला आम्ही पीएसक्यूएल वापरतो. बॅकअप घ्यायचा किंवा सर्व्हर बंद-चालू करायचा तर सिस्टीमवाला भलत्याच आज्ञा देतो. डेटाबेस एकच, मग अवजारं वेगळी कशाला?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : सर्व्हर बंद असताना पीएसक्यूएल उघडून पाहा. जोडणीच होणार नाही. पीएसक्यूएल हा निरोप्या आहे. तुमची क्वेरी सर्व्हरकडे नेतो, उत्तर घेऊन येतो. पलीकडे कोणी जागंच नसेल, तर निरोप सांगणार कोणाला? म्हणून सर्व्हर सुरू करणारं पीजी-सीटीएल आणि डेटाबेसची पहिली मांडणी करून देणारं इनिट-डीबी ही बाहेरून, ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाजूनेच चालवावी लागतात.

दुसरं कारण, समोर माणूस आहे की नाही. पीएसक्यूएल मुळात माणसाशी बोलायला बसवलेलं. त्याला आज्ञांची फाइल दिली आणि मधली एक आज्ञा चुकली, तर ते चूक दाखवतं आणि पुढची आज्ञा चालवायला घेतं. तुम्ही समोर असाल तर हात आवरता. रात्री दोन वाजता कोण आवरणार? चुकीपाशी थांबायला हवं असेल, तर 'ऑन एरर स्टॉप' आधी सांगून ठेवावं लागतं. बॅकअप घेणाऱ्या पीजी-डंपचं तसं नाही. काम फसलं की ते शून्य सोडून दुसरा आकडा परत करतं. तो पाहून स्क्रिप्टला कळतं, की बॅकअप झालेला नाही.

पण सगळ्याच वेगळेपणात एवढा अर्थ नसतो. क्रिएट-डीबी आणि ड्रॉप-डीबी ही अवजारं दिसतात स्वतंत्र. आत मात्र 'क्रिएट डेटाबेस', 'ड्रॉप डेटाबेस' याच एसक्यूएल आज्ञा आहेत. उलट, पीएसक्यूएलमध्ये उलटी तिरकी रेघ आणि उद्गारचिन्ह टाइप केलं, की तिथूनच ऑपरेटिंग सिस्टीमची आज्ञा देता येते. ओरॅकलकडे कारभारासाठी सर्व्हर मॅनेजर नावाचं निराळं अवजार होतं. 2001 मध्ये आलेल्या 9आय आवृत्तीत ते काढून टाकलं आणि ती कामं एसक्यूएल-प्लसकडे सोपवली. आता तिथे 'सिसडीबीए' म्हणून आत शिरलात तर कारभारी, नाहीतर साधे वापरकर्ते. अवजार तेच.

तेव्हा अवजारं वेगळी असतात ती कामाच्या सोयीसाठी. त्यांच्यावर सुरक्षिततेची भिस्त ठेवू नका. कुलूप असतं अधिकारात. याद्या काढणाऱ्याला वेगळं खातं द्या आणि त्याला फक्त 'सिलेक्ट'ची परवानगी द्या. मग हातून 'डिलीट' टाइप झालं, तरी सर्व्हरच नकार देईल.

तुमच्याकडे काय स्थिती आहे, हे पीएसक्यूएल स्वतःच सांगतं. तुम्ही त्याची ठेवण बदलली नसेल, तर डेटाबेसच्या नावापुढचं चिन्ह पाहा. '=>' असेल तर तुम्ही साधे वापरकर्ते. '=#' असेल तर सुपरयूजर, म्हणजे सगळी दारं उघडी. नुसत्या याद्या काढायच्या आणि पडद्यावर '#' दिसतंय, असं असेल तर पुढचा प्रश्न मला नको, सिस्टीमवाल्याला विचारा. आजच.