आधी गाव, मग गड

पोरी, मैत्रिणींना घेऊन भंडारदऱ्याला येते आहेस, बरं वाटलं. पण कळसूबाई, रतनगड, सांदण, हरिश्चंद्रगड आणि रंधा, असं सगळं दोन दिवसांत उरकायचा बेत आधी मोड. दोन दिवसांत एक चढ आणि तळ्याभोवती एक फेरी, एवढंच नीट होतं. राजूर खोऱ्यात वाढलेल्या तुझ्या आत्याचा कानमंत्र एकच आहे: चढायला लागण्याआधी गावात थांबायचं, विचारायचं, आणि मिळेल ते उत्तर मानायचं. बाकीचं त्याच्या पोटात येतं.

ऋतू बघून जागा ठरव

मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा काजव्यांचा. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते गोळा होतात. त्यांचं चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना साद घालणं. त्यावर गाडीच्या दिव्यांचा किंवा बॅटरीचा झोत पडला की ती साद हरवते. तेव्हा गाडी लांब लावा, दिवे बंद, इंजिन बंद, आणि झाडाखालच्या गवतात शिरू नका, मातीत-गवतात त्यांची पुढची पिढी असते. आज कुठलं झाड भरलंय ते गावातली पोरं सांगतात. अंधारात गाडी फिरवत शोधू नये.

जुलै-ऑगस्टात कड्यावरच्या घाटघरकडे पाऊस कोसळतो, धुकं हटत नाही. त्या दिवसांत गाडीने फिरा, कळसूबाई-रतनगडाच्या शिड्यांच्या वाटेला जाऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी आणि तेरडा उतारांवर पसरतात. चढाईसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर वर पाणी मिळेल हे धरूनच चालायचं नाही, माणशी तीन लिटर खालून न्यायचं.

धबधब्याचा नळ धरणात आहे

मुक्काम शेंडीला कर, धरण तिथेच आहे. 1910 साली काम सुरू झालेलं हे विल्सन धरण 1926 साली पुरं झालं, ते प्रवरा नदीच्या खालच्या खोऱ्यातली शेती भिजवायला. तळ्याला बाहेरचे लोक आर्थर लेक म्हणत आले. आता त्याला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे. इथल्याच अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजींना इंग्रजांनी 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. मैत्रिणींना हे नाव तू सांग.

धरणाच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल आहे. फोटोत दिसतो तसा तो रोज नसतो. धरणातून पाणी सोडलं की गोल खडकावरून ते छत्रीसारखं पसरतं, नाहीतर नुसता खडक. खाली रंधा धबधब्याचंही तेच, भर पावसाळा किंवा सोडलेलं पाणी असेल तरच तो पाहण्यासारखा. म्हणून शेंडीच्या चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न विचारायचा, ‘पाणी सोडलंय का?’ सोडलेलं असेल तर कठड्याच्या आतूनच बघायचं. ओल्या शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी पाऊल टाकू नका.

तळ्याची फेरी कोणत्या बाजूने

शेंडीहून सकाळी मुतखेलच्या बाजूने निघा. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे, जुनं, कोरीव दगडाचं, शेजारी पुष्करणी. प्रवरा उगम पावते ती वरच्या रतनगडावर. इथे घाई करू नकोस, खांब आणि छत बघायला तासभर हवाच. पुढे साम्रद, मग घाटघर. घाटघरला दुपारी चारच्या सुमारास पोचा. कडा पश्चिमेला कोकणाकडे तोंड करून आहे, सकाळी खालची दरी सावलीत असते आणि उतरत्या उन्हात ती उघडते. मग पांजऱ्यावरून अंधाराआत परत शेंडी. तळ्यात नावेने फिरलात तर जाकीट घातल्याशिवाय बसायचं नाही, नाववाला हसला तरी.

सांदणीत ढग बघून उतर

साम्रदची सांदण म्हणजे जमिनीला पडलेली अरुंद, खोल भेग, आणि पावसाचं पाणी जायची वाटही तीच. म्हणून पावसाळ्यात ती वर्ज्य. हिवाळ्यात अवकाळी ढग दिसले तरी बेत रद्द. वर पाऊस पडला तर आत पाणी चढतं, आणि दोन्ही बाजूंना उभा कातळ असल्यामुळे बाजूला सरकायला जागा नसते. साम्रदचा वाटाड्या घ्या. आत पाण्याचे डोह लागतात, या आठवड्यात ते गुडघ्याला आहेत की छातीला, हे त्यालाच ठाऊक. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पायात पकड घेणारे बूट. तळाशी सुटे धोंडे आहेत, तिथे उड्या मारायच्या नाहीत.

शिडीवर हात मोकळे

कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट आहे. चढायला तीन तास धरा, उतरायला दोन-अडीच. कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. चढताना पाठपिशवी दोन्ही खांद्यांवर, हातात बाटली नको, काठी नको. उतरताना तोंड शिडीकडे. पुढची व्यक्ती शिडीवरून उतरून बाजूला झाली की मगच दुसरीने पाय ठेवायचा.

सूर्योदयासाठी शनिवारी रात्री चढणाऱ्यांची शिड्यांवर रांग लागते. थंडीत, अंधारात, शिडीच्या मध्यावर खोळंबण्यात काय गंमत? मधल्या वारी या आणि फटफटलं की निघा. वर देवीचं छोटं देऊळ आहे. नवरात्रात गावोगावचे लोक श्रद्धेने चढून येतात. तिथे चपला-बूट लांब काढा, आणि मोठ्याने गाणी लावणाऱ्या टोळक्यात तुम्ही नसा.

रतनगडालाही शिड्या आहेत, आणि माथ्यावर नेढं, कातळाला आरपार पडलेलं भोक. तिथे वारा फार असतो, बसून राहायचं. त्र्यंबक दरवाजाने साम्रदकडे उतरायची वाट खड्या, खोदीव पायऱ्यांची आहे. सोबत नवखी पोर असेल तर आल्या वाटेनेच रतनवाडीला उतरा.

ढोरवाटेला भुलू नको

पठारावर धुकं आलं की सगळ्या वाटा सारख्या दिसतात. ढोरवाट फाटे फुटत जाते आणि गवतात किंवा पाणवठ्यावर संपते. माणसांच्या वाटेवर दगड पायांनी घासलेले असतात, कुठे रंगाने काढलेले बाण असतात. शेवटचा बाण दिसून बराच वेळ झाला तर पुढे जाऊ नका, त्या बाणापर्यंत परता. दाट धुक्यात तेही जमेना तर एकत्र बसा. कड्यांच्या प्रदेशात अंदाजाने चालण्यापेक्षा तासभर गारठलेलं परवडलं.

दिसत नाही त्या कपारीत हात घालायचा नाही, फुरसं अशाच जागी असतं. कड्यांवर आग्यामोहळं असतात, तेव्हा अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. काही झालंच तर डॉक्टरसाठी राजूर किंवा अकोले गाठावं लागतं. म्हणून निघताना खालच्या घरी सांगून जा: किती जणी, कुठल्या वाटेने, कितीपर्यंत परत.

हरिश्चंद्रगड पुढच्या खेपेला

त्याला वेगळे दोन दिवस दे. पाचनईची वाट सगळ्यांत जवळची आणि सोपी. खिरेश्वरची लांब आहे, आणि नळीची वाट कसलेल्यांची. केदारेश्वराच्या गुहेत मोठ्या पिंडीभोवती गार पाणी असतं, आणि चार खांबांपैकी एकच उभा आहे. त्या पाण्यात साबण नको. कोकणकड्याच्या टोकाशी उभं राहायचं नाही, पोटावर झोपून डोकं पुढे काढायचं. तो कडा आत वळलेला आहे, आपण उभे असतो त्याच्याखाली काय आहे हे वरून दिसत नाही.

चुलीला आधी सांग

चढण्याआधी गावातल्या एका घरी जेवण सांगून ठेव, माणसं मोजून, भाव ठरवून. म्हणजे उतरल्यावर नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा गरम मिळतो, आणि त्या बाईचंही अन्न वाया जात नाही. ठरलेल्या भावावर नंतर घासाघीस केलीस तर माझं नाव सांगू नकोस. सुट्ट्या नोटा जवळ ठेव, रेंज नसली की मोबाइलने पैसे जात नाहीत. पोरांना चॉकलेटं वाटत फिरू नका, त्यांना हात पसरायची सवय आपणच लावतो. त्यापेक्षा त्यांच्या घरातला तांदूळ विकत घ्या. काळभात हा इथला देशी वाण मिळाला तर नक्की. देशी बियाणं जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 सालची पद्मश्री मिळाली, त्या याच तालुक्यातल्या. कचरा आपल्याच पिशवीत खाली. आणि राजूरवरून परतणार असाल तर पेढे घ्या, माझ्यासाठीही.

शेवटचं. जिथे जेवाल, जो वाटाड्या घ्याल, त्यांचा नंबर विचारून ठेव. पुढच्या खेपेला मला विचारू नकोस, त्यांना फोन कर. मी आता अकोले गावात राहते. इथे कोरडं ऊन असतं तेव्हा घाटघरला धो-धो पाऊस चालू असतो. तिथला कालचा पाऊस त्यांनी पाहिलेला असेल, मी नाही.