कामटी किती वळते, हे आधी पाहा

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी बांबूचा टांगता दिवा केला. कल्पना हरसूलची होती. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या आमच्या भागात टोपल्या, सुपं, कणग्या विणल्या जातात. तीच वीण दिव्याच्या शेडमध्ये आणायची होती. परीक्षकांपुढे ठेवलेली संगणकावरची चित्रं देखणी होती. संगमरवरी फरशी, मोठी काच, बाहेर उंच इमारती. ती सगळी खोली मी तयार उतरवून घेतली होती.

एका परीक्षकांनी विचारलं, "आत बल्ब कितीचा आहे?" मला सांगता आलं नाही. खोली दिव्याने उजळलेलीच नव्हती. कॅमेऱ्याला न दिसणारे तीन प्रकाश मी कोपऱ्यांत लपवले होते.

खरी चूक मात्र सुट्टीत कळली. टोपल्या विणणाऱ्या काकांना मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी शेडच्या कडेच्या वळणावर बोट ठेवलं. "पोरा, ही कामटी इथं पेरावर तडकेल." मग कामटी, म्हणजे बांबूची पट्टी, काढून वाकवून दाखवली; पेरापाशी ती तडकलीच. पेराच्या, म्हणजे गाठीच्या, जागी बांबूचे धागे सरळ जात नाहीत, तिथे बाक सहन होत नाही. माझ्या मॉडेलमध्ये पेर नव्हतेच! एकच गुळगुळीत पोत सगळ्या पट्ट्यांवर चिकटवला होता. जी वस्तू बनूच शकत नव्हती, तिच्या चित्रावर मी महिनाभर घालवला होता.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच, की ओबडधोबड का होईना, एक नमुना हाताने करा. तो घरात टांगा, फोटो काढा आणि रेंडर करताना, म्हणजे संगणकावर चित्र तयार करताना, तो फोटो शेजारी उघडा ठेवा. मी तसं केलं तेव्हा दिसलं, की आमच्या सारवलेल्या कुडाच्या भिंती प्रकाश गिळतात. चुना दिलेल्या भिंतीजवळ तोच बल्ब खोली भरून टाकतो. जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडलेलं रेंडरिंगचं समीकरण याच, भिंतींवरून उसळणाऱ्या प्रकाशाचा हिशेब करतं, आणि मी वापरतो त्या ब्लेंडर सॉफ्टवेअरमधलं सायकल्स हे रेंडर-इंजिन त्याच वाटेने जातं. भिंतीचा रंग चुकला तर दिव्याचाही उजेड चुकतो.

ब्लेंडरमधला वॉट म्हणजे विजेचा वापर नव्हे, तो बाहेर पडणारा प्रकाश असतो. नऊ वॉटचा एलईडी म्हणून मी तिथे ९ भरलं, आणि उजेड खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पडला. मापांचंही तसंच. मॉडेलच्या एसटीएल किंवा ओबीजे फाइलमध्ये एकक साठवलेलं नसतं. ३०० मिलिमीटरची शेड माझ्याकडे ३०० मीटरची होऊन आली, आणि मी ती नजरेच्या अंदाजाने लहान केली. शेजारी माप माहीत असलेली वस्तू ठेवून मोजा. मी आता पाण्याचा हंडा ठेवतो.

कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. १८ मिलिमीटरच्या लेन्सने छोटी खोली हॉलसारखी दिसते, तो मोह टाळा; २८ ते ३५ पुरे. कडांना अर्ध्या मिलिमीटरची तरी गोलाई द्या, नाहीतर प्रकाश कडेवर चमकत नाही आणि वस्तू कागदी वाटते. चित्रातले ठिपके घालवणारा डीनॉइझर जपून वापरा, तो विणीचे बारीक धागे पुसून टाकतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते. म्हणून रात्रभराचं रेंडर लावण्याआधी एक चतुर्थांश आकारात चाचणी घ्या.

नव्या शेडचं वळण मी मोठं केलं आणि पेर कुठे येतील ते काकांना विचारून आखलं. चित्रात मागचा कोपरा अंधारा राहिला, तो मी तसाच ठेवला. खाली लिहिलं: बल्ब किती ल्यूमेनचा, खिडकी उघडी की बंद, वेगळा प्रकाश जोडला असेल तर कुठे. तुम्हीही लिहा, परीक्षकांनी विचारायच्या आधी.