अ‍ॅब्लेशननंतरचे दोन महिने

एट्रियल फिब्रिलेशनने, म्हणजे हृदयाच्या बेताल ठोक्यांनी, बेजार झाल्यावर मी अ‍ॅब्लेशन करून घेतलं. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेऊन, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उष्णतेने डाग देतात. बेताल ठोके बहुतेकदा तिथूनच सुरू होतात, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हैसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं.

छातीवर टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. सगळ्यांना वाटलं, आता सुटले. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहिल्या होत्या. पुढे कशावर लक्ष ठेवायचं, ते नव्हतं.

काही आठवड्यांनी ताप आला, घास गिळताना छातीत दुखू लागलं. जवळच्या डॉक्टरांना अ‍ॅसिडिटी वाटली. त्यांनी एंडोस्कोपी सुचवली. सुनेने आधी अ‍ॅब्लेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "एंडोस्कोपी अजिबात नको. लगेच इकडे आणा, आधी छातीचा सीटी स्कॅन करू."

हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला लागूनच मागे अन्ननलिका असते. उष्णता तिथवर पोचली तर, अगदी क्वचित, दोन्हींच्या मध्ये छिद्र पडतं. एंडोस्कोपीत भरलेली हवा त्यातून हृदयात आणि पुढे मेंदूत गेली, तर जिवावर बेततं. माझा स्कॅन नॉर्मल आला. पण तो फोन झाला नसता तर?

या भीतीने अ‍ॅब्लेशन टाळू नका. एवढं मात्र सांभाळा.

पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, रक्ताची उलटी, जीभ जड होणं, हातपाय लुळे पडणं, यांपैकी काहीही झालं तर तडक मोठं रुग्णालय गाठा. कुणीही तपासो, "माझं अ‍ॅब्लेशन झालंय," हे सर्वांत आधी सांगा.

याच काळात धडधड परतली, तर उपचार फसला असं लगेच समजू नका. आतले डाग अजून भरत असतात. धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

ठोके सुधारले म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने बंद करू नका. ती किमान दोन महिने लागतेच. पुढे चालू ठेवायची का, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून डॉक्टर ठरवतात.

आणि रात्रीही लागेल असा अ‍ॅब्लेशन करणाऱ्या विभागाचा फोन नंबर हातात पडल्याशिवाय रुग्णालयातून निघू नका. तो घरातल्या प्रत्येकाकडे असू द्या.