एचपीव्ही विषाणू, मायक्रो-आरएनए आणि कंठगत कर्करोग

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पन्नाशीचे एक गृहस्थ मानेच्या डाव्या बाजूस वेदनारहित गाठ घेऊन आमच्या चिकित्सालयात आले. तंबाखू, सुपारी, मद्य यांपैकी कोणतेही व्यसन नव्हते. गंडमाळा समजून दोन महिने कांचनार गुग्गुळ दिला. गाठ वाढली तेव्हा तपासणीस पाठविले. निदान झाले ते टॉन्सिलच्या कर्करोगाचे, आणि तोही एचपीव्ही विषाणूजन्य. ‘व्यसन नाही, म्हणून कर्करोग नाही’ हा माझा तर्क चुकला होता. तो का चुकला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मायक्रो-आरएनए म्हणजे काय?

जनुकातील माहितीवरून प्रथिन तयार होते ते संदेशवाहक आरएनएच्या द्वारे. या संदेशवाहकास रोखणारे, सुमारे २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे सूक्ष्म रेणू म्हणजे मायक्रो-आरएनए. ते स्वतः प्रथिन बनवीत नाहीत. कोणते प्रथिन किती बनावे याचे नियमन करतात. १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत त्यांचा शोध लागला. त्याबद्दल व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणूचे कार्य

एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार टॉन्सिल व जिव्हामूळ येथील पेशींत दीर्घकाळ वास्तव्य करतो. त्याची दोन प्रथिने घातक ठरतात.

१) ई६ : हे पेशीरक्षक पी५३ प्रथिनाचा नाश घडविते. एमआयआर-३४ए हा मायक्रो-आरएनए पी५३ च्या प्रेरणेने निर्माण होतो व पेशीविभाजनास लगाम घालतो. पी५३ नष्ट होताच तो घटतो. ही साखळी गर्भाशयमुखाच्या पेशींवरील अभ्यासातून स्पष्ट झाली.

२) ई७ : हे आरबी प्रथिनास निष्प्रभ करते. त्यामुळे पेशीविभाजनाची जनुके मोकळी सुटतात व त्यांच्याशी निगडित मायक्रो-आरएनएंचे प्रमाणही बदलते.

शिर-ग्रीवा कर्करोगांच्या अभ्यासांत विषाणूजन्य अर्बुदांमध्ये एमआयआर-३६३ वाढलेला व एमआयआर-२१८ घटलेला आढळला आहे. तंबाखूजन्य अर्बुदात पी५३ चे जनुकच बहुधा बिघडलेले असते. विषाणूजन्य अर्बुदात जनुक बहुधा शाबूत असते, प्रथिन मात्र नष्ट होते. म्हणजे स्थान एकच, परंतु संप्राप्ती भिन्न. साध्यासाध्यतेतही हा भेद दिसतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण विषाणूजन्य गटात ८२.४ टक्के, तर इतरांत ५७.१ टक्के होते. वेळेवर निदान झाल्यास हा रुग्ण बरा होण्याची आशा मोठी आहे. म्हणूनच आपल्याकडून होणारा विलंब अधिक अक्षम्य ठरतो.

आयुर्वेदीय विचार

सुश्रुताचार्यांनी १७ कंठरोग वर्णिले आहेत; अर्बुदाचे स्वतंत्र वर्णनही केले आहे. मायक्रो-आरएनए म्हणजेच चरकोक्त बीजभागावयव, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. तो टाळावा. बीजदुष्टी ही जन्माबरोबर येते. येथील विकृती प्रौढ वयात, एका स्थानी, आगंतु कारणाने घडते. निदान-संप्राप्तीचा काटेकोर विचार हीच आपल्या शास्त्राची शिकवण आहे.

व्यवहारातील उपयोग

१) मायक्रो-आरएनएची तपासणी अद्याप नित्य निदानासाठी वापरली जात नाही. ऊतक-परीक्षणात पी१६ प्रथिनाची तपासणी केली जाते.

२) प्रौढ व्यक्तीच्या मानेतील गाठ तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास, व्यसन असो वा नसो, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे. छेदन वा अग्निकर्म करू नये. प्रथम सुईने पेशी-परीक्षण व्हावे.

३) औषधी दुकानदारांनी, एकाच बाजूचे घसादुखणे, गिळताना अडथळा वा आवाजातील बदल यांसाठी वारंवार खदिरादी वटी नेणाऱ्यास ‘किती दिवसांपासून?’ हे अवश्य विचारावे.

४) आपल्याकडे मुखाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आजही तंबाखू व सुपारी हेच आहे, व्यसनमुक्तीचा आग्रह सोडू नये.

५) पुण्यात निर्मित एचपीव्ही लस २०२३ मध्ये उपलब्ध झाली. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी असली, तरी १६ क्रमांकाच्या प्रकारावर कार्य करते. पालकांनी विचारल्यास योग्य माहिती द्यावी.

उपसंहार

ते गृहस्थ उपचारांनंतर बरे झाले व आजही भेटतात. त्यांचे दोन महिने मात्र माझ्या हातून गेले. ते दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.