पॅनेल हलकं असतं, वारा नव्हे

सोलरवाला गच्चीवर आला, टेप धरला, सावली कुठून येते ते पाहिलं आणि म्हणाला, "काका, आरसीसी स्लॅब आहे. हत्ती बांधलात तरी हलायचा नाही." पुण्यातल्या आमच्या चाळीसेक वर्षं जुन्या घराच्या छताची तपासणी एवढ्यावर आटोपली. 'पीएम सूर्यघर'मध्ये 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान, त्यामुळे घरात सगळ्यांनाच घाई. मी आधी ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंना बोलावलं. त्यांची फी ऐकून कुरकुर झाली, ती होऊ दिली.

बाई आधी गच्चीवर गेल्याच नाहीत. वरच्या खोलीत स्टुलावर चढून छोट्या हातोडीने छत वाजवत निघाल्या. टणटण येणारा आवाज पाण्याच्या टाकीखाली एकदम बद्द झाला. तिथला गिलावा खरवडला तर आत गंजून फुगलेली सळई. नखाने पापुद्रे निघत होते. "आधी हे दुरुस्त करा. तोवर सोलरचं नावही काढू नका."

मग वर जाऊन त्यांनी एका कोपऱ्यात फोडून पाहिलं. कोब्यावर कोबा! गळतंय म्हटलं की आणखी एक थर घाल, ही आपली रीतच. 4 इंची विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भरतं. त्यापुढे पॅनेल म्हणजे काहीच नाही. 540 वॉटचं एक पॅनेल साधारण 28 किलोचं. लोखंडी सांगाडा धरूनही चौरस मीटरला 20-25 किलो. पाइप तुंबून गच्चीवर इंचभर पाणी साचलं तरी तेवढाच भार येतो. वापरातल्या गच्चीसाठी आयएस 875 या मानकात चौरस मीटरला 150 किलो धरतात खरे, पण ते धडधाकट स्लॅबसाठी. मागाहून चढवलेला प्रत्येक थर त्यातलाच वाटा खातो.

खरं भय वाऱ्याचं. याच मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. मुंबईला 44 मीटर. 39 च्या वेगालाच दाब चौरस मीटरला 90 किलोवर जातो, आणि वारा तिरक्या पॅनेलखाली शिरला की त्याला उचलतो. खाली कपडे वाळत घालता यावेत म्हणून सांगाडा 8 फूट उंच घेतला, की वारा एका बाजूचे पाय उपटू पाहतो आणि समोरचे स्लॅबवर दाबतो. म्हणून पाय बीमच्या रेषेवर हवेत. स्लॅबच्या मधोमध नकोत, बाहेर काढलेल्या गॅलरीवर तर नकोतच. नुसत्या कोब्यात ठोकलेल्या बोल्टला पकड नसते. वर गळती फुकट. पायांपुरता कोबा काढून, खालच्या काँक्रीटमध्ये केमिकलने सळया बसवून, त्यावर ठोकळे ओतायचे आणि कडेने वॉटरप्रूफिंग करायचं. आम्ही तसंच केलं. टाकी हलवली, वरचा कोबा उतरवला. खर्च वाढला, पण अनुदानाच्या मोहात स्लॅब घालवण्यापेक्षा हा बरा.

कोटेशन घेताना पायांच्या जागा दाखवणारा नकाशा, एकेका पायावर येणारा भार आणि धरलेला वाऱ्याचा वेग, तिन्ही लेखी मागा. 'आम्ही शेकडो घरं केलीत' हे उत्तर मिळालं तर दुसरा माणूस बघा. सिमेंटच्या पत्र्यावर तर कोणालाही चढू देऊ नका. तो माणसाच्या वजनानेही फुटतो. सोसायटीत असाल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल काढून पाहा. सोलरचा भार त्यात धरलेला नसेल, तर त्याच इंजिनिअरकडून पुरवणी शेरा घ्या आणि तो सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताला जोडा.